उन्झेनचा डोंगर आणि शिमाबाराचे साक्षीदार



दरवर्षी ६ फेब्रुवारीला आपण संत गोन्सालो गार्सिया यांचा सण साजरा करतो. वसईत जन्मलेला हा आपला माणूस प्रथम येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला. पुढे त्याने व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून प्रवेश केला आणि जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानात गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर इतर २५ जणांबरोबर त्याला क्रूसावर मारण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या २६ रक्तसाक्षींना संतपद बहाल केले. एवढे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे.

पण त्या टेकडीनंतर काय झाले? ज्या ख्रिस्ती लोकांनी नागासाकीत ते क्रूस पाहिले, त्यांच्या मुलांचे, नातवंडांचे पुढे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना नागासाकी शहराच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर असलेल्या एका डोंगरापाशी आपण येऊन पोहोचतो. त्या डोंगराचे नाव उन्झेन आणि ज्या द्वीपकल्पावर तो उभा आहे त्याचे नाव शिमाबारा. आजच्या लेखात आपण या भूमीची ओळख करून घेऊ. तिथे डोंगराने माणसे मारली आहेत आणि माणसांनीही माणसे मारली आहेत. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायला शिकणे, हाच आजचा धडा आहे.

आगीवर वसलेली भूमी

जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वांत दक्षिणेकडचे बेट म्हणजे क्युशू. त्याच्या पश्चिम बाजूला शिमाबारा द्वीपकल्प आहे. एका अरुंद पट्टीने ते इसाहाया येथे मुख्य भूमीला जोडलेले आहे. बाकी सर्व बाजूंनी पाणी आहे: पूर्वेला आरिआके समुद्र आणि पश्चिमेला ताचिबाना उपसागर. आरिआके समुद्राच्या पलीकडे कुमामोतोचा किनारा दिसतो. दक्षिणेला आमाकुसा बेटे आहेत. द्वीपकल्पावर आज तीन नगरे आहेत. पूर्वेला शिमाबारा, वायव्येला उन्झेन आणि दक्षिणेला मिनामी शिमाबारा.

या भूमीच्या मधोमध उन्झेन उभा आहे. हे एकच शिखर नसून अनेक शिखरांचा समूह आहे. फुगेन शिखराची उंची १,३५९ मीटर आहे. त्याला लागूनच १,४८३ मीटर उंचीचे एक शिखर आहे. त्याला 'हेइसेई काळातील नवा डोंगर' अशा अर्थाचे नाव आहे. हा डोंगर खरोखरच नवा आहे. १९९० साली तो तिथे नव्हता!

उन्झेनचा ज्वालामुखी साधारण ५ लाख वर्षांपूर्वी जागा झाला असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. येथील जमीन उत्तर आणि दक्षिण अशा दोन दिशांना ताणली जाते, त्यामुळे मधला पट्टा हळूहळू खाली खचतो आणि खालून येणारा लाव्हा ती पोकळी भरत राहतो. हा लाव्हा चिकट असतो. तो पाण्यासारखा वाहून जात नाही, तर मुखापाशीच साचून घुमटासारखा वाढत जातो. घुमट फार वाढला की त्याची कड ढासळते. मग तापलेली राख, वायू आणि दगड यांचा लोट ताशी १०० किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने उतारावरून खाली धावतो. त्याचे तापमान शेकडो अंश असते. त्याच्यापुढे धावून कोणी वाचत नाही.

या आगीने या भूमीला दानही दिले आहे. डोंगराच्या तिन्ही अंगांना गरम पाण्याचे झरे आहेत. लाव्ह्याचा साठा पश्चिमेकडे ताचिबाना उपसागराखाली आहे, असे मानले जाते. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरील ओबामा गावाचे पाणी सर्वांत गरम, सुमारे १०५ अंश. डोंगरावर उन्झेन येथे गंधकाचे आम्लयुक्त झरे आहेत. पूर्वेला शिमाबारात पाणी सौम्य होते. राखेची माती बटाट्याला चांगली मानवते. शिमाबारा नगरात जागोजागी स्वच्छ पाण्याचे झरे वाहतात आणि रस्त्याकडेच्या पाटात रंगीत मासे पोहतात. १९३४ साली जपानने आपली पहिली तीन राष्ट्रीय उद्याने जाहीर केली, त्यांत उन्झेन एक होते.

डोंगरावर जेथे जमिनीतून वाफ येते आणि चिखल उकळतो, त्या जागेला जपानी लोक 'जिगोकु' म्हणतात. जिगोकु म्हणजे नरक. हा शब्द लक्षात ठेवावा.

गोव्याहून आलेली वाट

संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली १५ ऑगस्टला जपानात उतरले. त्यानंतर चौदा वर्षांनी, १५६३ साली, ब्रदर लुईस द अल्मेदा यांनी शिमाबाराच्या दक्षिण टोकावरील कुचिनोत्सु बंदरात सुवार्ता सांगितली. हे अल्मेदा पूर्वी व्यापारी होते आणि त्यांना वैद्यकीचेही ज्ञान होते. १५७९ साली याच बंदरात फादर अलेसांद्रो वालिन्यानो उतरले. ते गोव्याहून पूर्वेकडील सर्व मिशनांचा कारभार पाहत. पुढच्याच वर्षी येथील सरदार आरिमा हारुनोबु याने त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला आणि त्याच्या मुलखात जपानी मुलांसाठी सेमिनरी सुरू झाली.

या सेमिनरीतील चार मुलांची गोष्ट आपण आपल्या मुलांना जरूर सांगावी. मान्सियो इतो, मिगेल चिजिवा, जुलियांव नाकाउरा आणि मार्तिन्हो हारा ही त्यांची नावे. चिजिवा हे तर या द्वीपकल्पावरच्याच एका गावाचे नाव. १५८२ साली ही किशोरवयीन मुले नागासाकीहून निघाली आणि गोव्यावरून युरोपात पोहोचली. १५८५ साली रोममध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी त्यांना भेट दिली. परतताना ती पुन्हा गोव्यात थांबली. तेथे मार्तिन्हो हारा याने लॅटिन भाषेत भाषण केले आणि ते १५८८ साली गोव्यातच छापले गेले. १५९० साली ही मुले मायदेशी परतली, तेव्हा त्यांच्याबरोबर एक छापखाना होता. तो शिमाबारा द्वीपकल्पावरील काझुसा येथे बसवण्यात आला आणि १५९१ साली त्यावर संतांच्या चरित्रांचे पुस्तक जपानी भाषेत छापले गेले. ज्या काळी आपल्या वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांचा अंमल होता, त्याच काळात शिमाबारात सेमिनरी, चर्च आणि छापखाना उभे राहत होते.

हे सारे ऐकून आपल्याला अभिमान वाटतो. पण इतिहास प्रामाणिकपणे वाचायचा असेल, तर पुढचे वाक्यही लिहिले पाहिजे. आरिमा सरदाराच्या हिनोए किल्ल्याचे उत्खनन झाले तेव्हा मातीखाली एक दगडी जिना सापडला. त्या पायऱ्यांत बौद्ध लोकांच्या स्मारकस्तूपांचे दगड बसवलेले होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या सत्तेने दुसऱ्यांची पवित्र स्थाने मोडली आणि त्यांच्या स्मृतीवर पाय देऊन लोक वर चढले. ख्रिस्ताने हे करायला सांगितले नव्हते. ते आपल्याच लोकांनी केले.

डोंगराचा नरक, माणसाचा नरक

आरिमा हारुनोबु एका लाचेच्या प्रकरणात अडकला आणि १६१२ साली त्याला मृत्युदंड मिळाला. त्याच्या मुलाने श्रद्धा सोडली. १६१४ साली संपूर्ण जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. १६१६ साली शिमाबाराचा मुलूख मात्सुकुरा शिगेमासा याला देण्यात आला. त्याने १६१८ पासून शिमाबारा नगरात नवा किल्ला बांधायला घेतला. मुलुखाच्या उत्पन्नाच्या मानाने हा किल्ला फारच मोठा होता. त्याचा खर्च शेतकऱ्यांच्या भातातून काढला गेला.

त्याच सरदाराच्या माणसांनी १६२७ साली उन्झेनच्या जिगोकुचा एक नवा उपयोग शोधून काढला. श्रद्धा सोडायला तयार नसलेल्या ख्रिस्ती लोकांना तेथे नेऊन त्यांच्या अंगावर उकळते पाणी ओतायचे, किंवा त्यांना त्या पाण्यात लोटायचे.

पाउलो उचिबोरी हा आरिमा सरदाराच्या पदरी राहिलेला सामुराई. छळाच्या काळात तो लोकांचा आधार झाला होता. फेब्रुवारी १६२७ मध्ये त्याच्या तीन मुलांना त्याच्या डोळ्यांदेखत समुद्रात बुडवून मारण्यात आले. सर्वांत धाकटा इग्नासियो अवघा पाच वर्षांचा होता. बापाने श्रद्धा सोडावी म्हणून हे केले गेले. त्याने ती सोडली नाही. २८ फेब्रुवारी रोजी पाउलो आणि त्याच्या सोबत्यांना, अशा एकूण १६ जणांना, उन्झेनच्या उकळत्या पाण्यात टाकून मारले गेले. पुढची काही वर्षे हे प्रकार चालू राहिले. जपानी धर्मगुरू फादर अंतोनियो इशिदा यांचाही १६३१ साली येथे छळ झाला. तरीही ते डगमगले नाहीत, म्हणून १६३२ साली नागासाकीत त्यांना जाळण्यात आले.

गोव्याहून जाऊन आलेल्या त्या चार मुलांचे काय झाले, असे कोणी विचारील. मान्सियो इतो धर्मगुरू झाला आणि १६१२ साली आजारपणात वारला. मार्तिन्हो हारा मकाव येथे परागंदा असताना १६२९ साली मरण पावला. मिगेल चिजिवा येशूसंघ सोडून गेला. जुलियांव नाकाउरा मात्र बंदी असतानाही लपूनछपून वीस वर्षे लोकांची सेवा करीत राहिला. १६३३ साली नागासाकीत त्याला खड्ड्यात उलटे टांगून मारण्यात आले. एकाच बाकावर बसलेली, एकाच जहाजातून गेलेली चार मुले, पण प्रत्येकाचा शेवट निराळा.

२४ नोव्हेंबर २००८ रोजी नागासाकी येथे १८८ जपानी रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांत जुलियांव नाकाउरा आहे, पाउलो उचिबोरी आहे आणि त्याची ती तीन मुलेही आहेत. या १८८ जणांपैकी बहुसंख्य प्रापंचिक होते: आईबाप, मुले, शेतकरी, सामुराई. आज उन्झेनच्या त्या वाफाळत्या जागेत रक्तसाक्षींच्या स्मरणार्थ एक क्रूस उभा आहे.

थोडे थांबून विचार करू या. ते झरे हजारो वर्षे उकळत होते. त्यांनी कोणाला हात धरून ओढले नव्हते. आजही लोक तेथे दुखणाऱ्या सांध्यांना आराम मिळावा म्हणून अंघोळीला जातात. त्या जागेला नरक हे नाव पाण्यामुळे पडले होते, पण ते खरे केले माणसांनी.

हारा किल्ल्यातील सदतीस हजार

शिगेमासा १६३० साली मेला. त्याचा मुलगा कात्सुइए बापाहून क्रूर निघाला. पीक बुडाले तरी सारा वाढतच राहिला. सारा न भरणाऱ्यांना गवताचे इरले बांधून पेटवून देत, अशा समकालीन नोंदी आहेत. डिसेंबर १६३७ मध्ये लोकांचा संयम सुटला. शेतकऱ्यांनी एका अंमलदाराला ठार मारले आणि उठाव शिमाबारापासून आमाकुसा बेटांपर्यंत पसरला. जुने ख्रिस्ती सामुराई त्यांना मिळाले. सोळा वर्षांच्या आसपास वय असलेला आमाकुसा शिरो हा मुलगा त्यांचा पुढारी झाला.

दक्षिण किनाऱ्यावर समुद्राच्या कड्यावर हारा नावाचा एक ओसाड किल्ला होता. बंडखोर तेथे शिरले. स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे धरून त्यांची संख्या ३७,००० होती, असे परंपरेने सांगितले जाते. त्यांच्याविरुद्ध शोगुनचे सव्वा लाखाच्या आसपास सैन्य जमले. शोगुनच्या पहिल्या सेनापतीने घाईघाईने हल्ला केला आणि तो मारला गेला. दुसऱ्याने घाई केली नाही, त्याने किल्ल्यातले अन्न संपण्याची वाट पाहिली. समुद्राकडून एका डच जहाजाने किल्ल्यावर तोफा डागल्या. ख्रिस्ती जहाजाच्या तोफा ख्रिस्ती लोकांवर चालल्या, कारण डचांना जपानशी असलेला आपला व्यापार टिकवायचा होता.

एप्रिल १६३८ मध्ये उपाशी माणसांचा तो किल्ला पडला. आत असलेल्या जवळपास सर्वांची कत्तल झाली. त्यांचा म्हणून ओळखला जाणारा एक झेंडा आजही आमाकुसा येथे जतन केलेला आहे. त्यावर मिस्साचा चषक, वर ओस्ती, दोन्ही बाजूंना प्रार्थना करणारे देवदूत आणि परमपवित्र साक्रामेंताची स्तुती करणारे पोर्तुगीज शब्द आहेत. १९९२ पासून झालेल्या उत्खननात किल्ल्याच्या मातीतून माणसांची हाडे निघाली, जपमाळेचे मणी निघाले, पदके निघाली आणि बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या वितळवून केलेले छोटे छोटे क्रूसही निघाले. वेढ्यात बसलेल्या माणसाने गोळी हातात घेतली आणि तिचा क्रूस केला. २०१८ साली युनेस्कोने नागासाकी प्रदेशातील गुप्त ख्रिस्ती स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हारा किल्ल्याचे अवशेष आहेत.

शोगुनने कात्सुइएलाही सोडले नाही. प्रजेला बंडापर्यंत लोटल्याबद्दल त्याच वर्षी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. १६३९ साली पोर्तुगीज जहाजांना जपानची दारे बंद झाली.

हे रक्तसाक्षी होते का?

हा प्रश्न अभ्यास करताना हमखास येतो. उन्झेनच्या उकळत्या पाण्यात मेलेल्यांना ख्रिस्तसभेने धन्यवादित म्हटले, मग हारा किल्ल्यातील हजारोंना का नाही?

ख्रिस्तसभा ज्यांना रक्तसाक्षी म्हणते, ते श्रद्धेसाठी मरण पत्करतात, मारत नाहीत. हारामधील लोकांनी हातात शस्त्र घेतले होते. त्यांच्या उठावात भूक होती, सूड होता आणि श्रद्धाही होती. या तिन्हींची अशी गुंतागुंत झाली होती की कोणता धागा कोणता हे आज सांगणे कठीण आहे. उठावाच्या पहिल्या दिवसांत त्यांनी बौद्ध आणि शिंतो देवळेही जाळली. गेथसेमनी बागेत प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितली (मत्तय २६:५२), ते आपण विसरू शकत नाही.

पण म्हणून त्यांना दोषी ठरवून मोकळे होणे योग्य आहे का? आम्हांला तसे वाटत नाही. ज्याच्या ताटातले सगळे भात नेले, ज्याच्या बायकोला पाण्यात उभे केले, त्याने काय करायला हवे होते, हे आपण आपल्या भरल्या घरात बसून सांगणे सोपे आहे. ख्रिस्तसभा त्यांना वेदीवर बसवत नाही, तसेच त्यांना देवाच्या दयेबाहेरही काढत नाही. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू शकतो आणि ती करावी.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कत्तलीनंतर सव्वाशेहून अधिक वर्षे त्या कड्यावर हाडे विखुरलेली होती. १७६६ साली तेथील एका बौद्ध भिक्षूने ती गोळा केली. कोणते हाड बंडखोराचे आणि कोणते सैनिकाचे, हे त्याने विचारले नाही. मित्र आणि शत्रू असा भेद न करता त्याने सर्वांसाठी प्रार्थना केली आणि तेथे एक दगडी मूर्ती उभारली. ती आजही आहे. हिनोएच्या पायऱ्यांखाली आपल्या लोकांनी बौद्धांचे स्तूप पुरले होते, हे आठवा. आणि मग आपल्या लोकांची हाडे एका बौद्ध माणसाने उचलली, हेही आठवा. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. तो असा असतो.

डोंगर कोसळला

कत्तलीनंतर द्वीपकल्पाचा दक्षिण भाग ओस पडला होता. शेत कसायला माणूस उरला नव्हता. शोगुनच्या सरकारने सारा माफ केला आणि इतर मुलुखांतून शेतकरी आणून वसवले. शोदो नावाच्या बेटावरून आलेल्यांनी गव्हाच्या बारीक शेवया करण्याची कला आणली, असे सांगतात. त्या शेवया आजही शिमाबाराची ओळख आहेत.

१७९१ च्या अखेरीस जमीन हलू लागली. १७९२ च्या फेब्रुवारीत फुगेन शिखरातून उद्रेक सुरू झाला आणि लाव्हा वाहू लागला. लोकांचे डोळे त्या शिखराकडे लागले होते. पण घात केला दुसऱ्याच डोंगराने. शिमाबारा नगराच्या अगदी पाठीशी मायुयामा नावाचा डोंगर आहे. २१ मे १७९२ च्या संध्याकाळी मोठा भूकंप झाला आणि त्या डोंगराची पूर्वेकडची बाजू सुटून नगरावरून समुद्रात कोसळली. सुमारे ३४ कोटी घनमीटर दगडमाती समुद्रात गेली. त्यामुळे उठलेली लाट आरिआके समुद्र ओलांडून पलीकडच्या हिगो, म्हणजे कुमामोतोच्या किनाऱ्यावर आदळली आणि परत फिरून पुन्हा शिमाबारावर आली. एकूण सुमारे १५,००० माणसे मेली. त्यांतली ५,००० पलीकडच्या किनाऱ्यावरची होती. त्यांनी तर उद्रेकाची झळही सोसली नव्हती. ज्वालामुखीमुळे जपानात झालेली ही सर्वांत मोठी हानी आहे. त्या कोसळलेल्या डोंगराचे तुकडे आजही शिमाबाराच्या किनाऱ्यासमोर लहान लहान बेटांच्या रूपाने उभे आहेत. त्यांवर पाइनची झाडे वाढली आहेत.

येथे एक मोह होतो. रक्तसाक्षींना ज्या भूमीने छळले तिला देवाने शिक्षा केली, असे म्हणण्याचा हा मोह. आपल्याकडेही पूर आला, भूकंप झाला, कोणाच्या घरी अपघात झाला की असे बोलणारे भेटतात. पण पाहा: १७९२ साली मेलेले लोक कोण होते? छळ करणाऱ्या सरदाराचे घराणे दीडशे वर्षांपूर्वीच संपले होते. मेलेल्यांत बाहेरून आणून वसवलेल्यांचे वंशज होते, पलीकडच्या किनाऱ्यावरचे कोळी होते, झोपेतली मुले होती. शिलोहाचा बुरूज पडून जे अठरा जण मेले, ते यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक पापी होते का, असे प्रभूने लोकांना विचारले होते आणि उत्तरही त्यानेच दिले होते (लूक १३:४-५). तो भूकंपातून दुसऱ्यांचा न्याय वाचायला शिकवत नाही. तो आपल्याला स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवतो.

१९९१ चा जून महिना

त्यानंतर उन्झेन १९८ वर्षे शांत होता. १७ नोव्हेंबर १९९० रोजी तो पुन्हा जागा झाला. मे १९९१ मध्ये लाव्ह्याचा घुमट दिसू लागला आणि तापलेल्या राखेचे लोट उतरू लागले. खालच्या वस्तीला घरे सोडण्यास सांगण्यात आले. पण छायाचित्रे चांगली मिळतात म्हणून बातमीदार आणि कॅमेरावाले त्याच भागातील एका उंचवट्यावर थांबून राहिले. काहींनी रिकाम्या घरांतली वीज न विचारता वापरली, हे उघड झाले. त्यामुळे गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाची माणसे पहाऱ्यासाठी पुन्हा त्या भागात गेली.

३ जून १९९१ रोजी दुपारी चारनंतर मोठा लोट आला. ४३ जण मरण पावले. त्यांत बातमीदार होते, त्यांना घेऊन आलेले टॅक्सीचालक होते, अग्निशमन दलाचे स्वयंसेवक होते, पोलीस होते आणि तीन ज्वालामुखी अभ्यासकही होते: फ्रान्सचे मोरिस आणि कातिया क्राफ्ट हे दांपत्य आणि अमेरिकेचे हॅरी ग्लिकन. त्यानंतर ७ जूनला कायद्याने प्रवेशबंदी जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी, ८ जूनला, त्याहूनही मोठा लोट आला. त्यात एकही माणूस दगावला नाही. डोंगर तोच होता. फरक माणसांनी घेतलेल्या निर्णयाचा होता.

१५ सप्टेंबरच्या लोटात ओनोकोबा गावची प्राथमिक शाळा जळाली. मुलांना आधीच हलवले होते, म्हणून कोणाला इजा झाली नाही. जळालेली ती शाळा पुढच्या पिढ्यांना पाहता यावी म्हणून तशीच राखून ठेवली आहे. उद्रेक १९९५ पर्यंत चालला. आज त्या डोंगरावर उपकरणे बसवलेली आहेत, उतारावर माती अडवणारे बांध आहेत आणि खाली आपत्तीची माहिती देणारे संग्रहालय आहे. २००९ साली हा परिसर जागतिक भूउद्यानांच्या यादीत आला. लोक डोंगराला शाप देत नाहीत आणि त्याला विसरतही नाहीत.

आपल्यासाठी

होरेब डोंगरावर एलियापुढून मोठा वारा गेला, भूकंप झाला, अग्नी आला. पण परमेश्वर त्यांत नव्हता. त्यानंतर आलेल्या मंद वाणीत तो होता (१ राजे १९:११-१२). शिमाबाराच्या इतिहासात ती मंद वाणी आम्हांला तीन ठिकाणी ऐकू येते. मुले गमावूनही श्रद्धा न सोडणाऱ्या पाउलोच्या शांतपणात. शत्रूची हाडे उचलणाऱ्या भिक्षूच्या हातांत. आणि शेजाऱ्यांची घरे राखायला गेलेल्या त्या स्वयंसेवकांच्या पावलांत.

डोंगराने केलेले आपण थांबवू शकत नाही. त्यासाठी सावध राहायचे, एकमेकांना सावध करायचे आणि संकट आले की मदतीला धावायचे. माणसाने केलेले मात्र माणूसच थांबवू शकतो. जेथे दुसऱ्याच्या ताटातले काढून घेतले जाते, जेथे दुसऱ्याच्या पवित्र वस्तूंवर पाय दिला जातो, तेथे हारा किल्ल्याचा पहिला दगड बसवला जात असतो. संत गोन्सालो ज्या भूमीसाठी मेले, तिची ही साक्ष आहे.

कुटुंबात किंवा गटात चर्चेसाठी

१. कोणावर संकट आले की 'त्याच्या पापाचे फळ' असे आपण कधी म्हटले आहे का? ते म्हणताना त्या घराला काय वाटले असेल?

२. उन्झेनचे रक्तसाक्षी आणि हारा किल्ल्यातील लोक यांच्यात कोणता फरक आहे? दोघांकडून आपण काय शिकतो?

३. दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याने आपल्या घरच्या दुःखाच्या वेळी केलेली एखादी मदत आठवते का? तिची परतफेड आपण कशी केली?

या रविवारच्या मिस्सात शिमाबाराच्या सर्व मृतांसाठी, रक्तसाक्षी असोत वा नसोत, एक क्षण मौन प्रार्थना करू या.